तपासणी झाली, पुढे काय? शहराच्या समुदाय आरोग्य सेवेचा वर्षभराचा अनुभव

आमच्या शहराच्या आरोग्य विभागातर्फे चालणाऱ्या समुदाय आरोग्य कार्यक्रमाचा लाभ मी गेले वर्षभर घेत आहे. या काळात आईला घेऊन दोन तपासणी शिबिरांना गेले, आरोग्य शिक्षणाच्या चार सत्रांना बसले, प्रथमोपचाराचे एक दिवसाचे प्रशिक्षण घेतले आणि वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेशी जवळपास दर महिन्याला बोलणे झाले. सेवा विनामूल्य आहे, तेव्हा मिळेल त्यात समाधान मानावे, असे अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण आरोग्याच्या बाबतीत अर्धवट सल्ला फुकट मिळाला तरी तो फार महागात पडतो. म्हणून जे चांगले आढळले आणि जे खटकले ते दोन्ही सविस्तर लिहीत आहे.

पहिले शिबिर एका सभागृहात होते आणि गर्दी भरपूर होती. आई दोन जिने चढून वर आली, तिला लगेच स्टुलावर बसवण्यात आले, बाहीवरूनच पट्टा बांधला गेला आणि पट्ट्यात हवा भरली जात असतानाच शेजारच्या टेबलावरून तिला वय आणि पत्ता विचारणे सुरू होते. रक्तदाब १५८/९४ आला. ‘बीपी वाढलंय, डॉक्टरांना दाखवा,’ एवढे सांगून हातात चिठ्ठी देण्यात आली आणि पुढचे नाव पुकारले गेले. त्या रात्री आईला झोप लागली नाही.

रक्तदाब मोजण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि तिच्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. मोजण्यापूर्वी ५ मिनिटे शांत बसायचे, पाठीला आधार हवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि एकमेकांवर टाकलेले नकोत, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा, पट्टा उघड्या दंडावर आणि दंडाच्या घेराला योग्य अशा मापाचा हवा, आणि मोजताना कोणीही बोलायचे नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी किंवा तंबाखू घेतलेली नसावी आणि लघवी तुंबलेली नसावी. यातील प्रत्येक चुकीने आकडा वर चढू शकतो. भरदार दंडाला लहान पट्टा बांधला तर निरोगी माणूसही रुग्ण ठरू शकतो. म्हणूनच १ ते २ मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजतात, आणि वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त येत राहिला, तरच उच्च रक्तदाब आहे असे साधारणपणे म्हटले जाते. शिबिरात या पद्धतीला फाटा देण्याचे कारण घाई हेच असावे, हे मला समजते. परंतु दिवसभरात किती जणांची तपासणी झाली हा आकडा वाढवण्यासाठी प्रत्येकाच्या तपासणीचा दर्जा खाली आणणे मला मान्य नाही.

पाच दिवसांनी आरोग्यसेविका घरी आली आणि या सेवेबद्दलचे माझे मत तिथे बदलू लागले. तिने आईला खुर्चीत नीट टेकून बसवले, हाताखाली उशी ठेवली आणि घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे चक्क काहीही न बोलता थांबली. पहिल्यांदा १४६/८८ आणि दुसऱ्यांदा १४२/८६ असा रक्तदाब आला. दोन्ही आकडे तिने तारखेसह आमच्याच एका वहीत लिहिले आणि आठवड्याने पुन्हा येऊन मोजेन असे सांगितले. निघण्यापूर्वी ती म्हणाली, ‘काकू, मी गेल्यावर घरच्यांना काय सांगणार, ते मला सांगा बघू.’ आईने ठामपणे उत्तर दिले, ‘मीठ बंद करायचं.’ आरोग्यसेविका पुन्हा खाली बसली. मीठ बंद करायचे नाही, तर दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत ठेवायचे, आणि त्या चमच्यात तयार पाकिटांतले व मुरवलेल्या पदार्थांतले मीठही धरायचे, हे तिने पुन्हा समजावले आणि आईकडून पुन्हा वदवून घेतले. ती न विचारता निघून गेली असती, तर आमच्या घरात चुकीचा सल्ला वर्षभर पाळला गेला असता आणि तो आरोग्य विभागानेच दिला अशी आमची पक्की समजूत राहिली असती.

ऐकणाऱ्याला काय कळले हे त्याच्याच तोंडून ऐकणे, ही आरोग्य शिक्षणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पद्धत आहे. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघरी जाऊन मातांना जुलाबावरचे मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजलेले पाणी, एवढेच शिकवायचे होते. पण ते १ कोटीहून अधिक घरांत शिकवायचे होते. शिकवून गेल्यानंतर काही आठवड्यांनी दुसरे कर्मचारी त्यांतील काही घरे निवडून पुन्हा जात, मातेला काय आठवते ते विचारत आणि तिच्याकडून पाणी करून घेत. शिकवणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन या उत्तरांवर अवलंबून असे. किती घरांना भेट दिली यापेक्षा किती घरांत ज्ञान टिकले, याला तिथे मोल होते. हे वाचल्यापासून मी आमच्या शहरातील प्रत्येक सत्राकडे त्याच मोजपट्टीने पाहू लागले आहे, आणि त्या मोजपट्टीवर चारपैकी दोनच सत्रे उतरली.

उतरलेल्या दोनपैकी एक सत्र डासांवरचे होते. शिक्षिकेने सोबत काचेच्या बरणीत अळ्या आणल्या होत्या आणि बरणी प्रत्येकाच्या हातात दिली. बरणी हलली की अळ्या झटकन खाली जात आणि थोड्या वेळाने श्वासासाठी पुन्हा वर येत. ते पाहताना मागच्या रांगेतील मुलेही गप्प झाली होती. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास दिवसा चावतो आणि अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण ७ ते १० दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी रिकामे करायचे, हे बहुतेकांना ऐकून माहीत होते. मला नवीन होती ती पुढची गोष्ट. ही अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि कोरड्या भांड्यातही कित्येक महिने जिवंत राहू शकतात. त्यामुळे पाणी ओतून टाकणे पुरत नाही, भांडे आतून घासावे लागते. शिक्षिकेने एक बादली आणि घासणी पुढे ठेवून तिघींना ते करायला लावले. घरी येऊन मी आमचा पिंप आतून घासला. त्याआधी इतकी वर्षे मी तो फक्त रिकामा करत होते.

दुसरे सत्र प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला जोडलेले होते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, हे वाचून कोणालाही कळेल. पण पुतळ्यावर दोन मिनिटे दाबून पाहिल्यावर हात किती भरून येतात आणि दुसऱ्या माणसाला वेळीच जागा देणे का आवश्यक असते, हे केल्याशिवाय कळत नाही. कुत्रा चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि मग विलंब न लावता लशीसाठी जायचे, हेही तिथे प्रत्यक्ष घड्याळ लावून दाखवले. पंधरा मिनिटे हा काळ आपल्या कल्पनेपेक्षा बराच मोठा असतो. हे प्रशिक्षण ज्यांना मिळेल त्यांनी अवश्य घ्यावे.

उरलेली दोन सत्रे पडद्यावरच्या चित्रांची होती. एक मधुमेहावर आणि एक क्षयरोगावर. माहिती चुकीची नव्हती. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला तपासून घ्यावा, औषधे मध्येच सोडू नयेत, हे सर्व सांगितले गेले. परंतु चाळीस मिनिटांत वक्त्याने एकही प्रश्न विचारला नाही. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचाराला सहा महिने लागतात आणि पहिल्या काही आठवड्यांतच रुग्णाला बरे वाटू लागते. औषध सुटते ते नेमके त्याच वेळी. मला बरे वाटत असताना मी गोळ्या का घ्याव्यात, या एका प्रश्नावर ते संपूर्ण सत्र उभे राहू शकले असते. शिवाय दोन्ही सत्रे कामाच्या दिवशी सकाळी अकराला होती. रोजंदारीवर काम करणारा माणूस त्या वेळी येऊ शकत नाही, आणि क्षयरोगाबद्दल त्यालाच सर्वांत आधी कळायला हवे.

आता सर्वांत गंभीर उणिवेकडे येते. शिबिरात मिळालेली चिठ्ठी घेऊन आम्ही ज्या रुग्णालयात गेलो, तिथे ती चिठ्ठी कोणी वाचली नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या विभागात, कोणाला भेटायचे, याचा चिठ्ठीवर उल्लेखच नव्हता. नवीन केसपेपर काढला, दोन रांगांत उभे राहिलो, आणि शिबिराच्या नोंदवहीतील आकडा व रुग्णालयाच्या संगणकातील नोंद यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे तिथे समजले. आम्ही पोहोचलो की नाही, हे शिबिर भरवणाऱ्यांना कधीच कळणार नव्हते. आमच्यासोबत चिठ्ठी मिळालेल्या शेजारच्या आजोबांनी रुग्णालयाची पायरीही चढली नाही, आणि तेही कोणाला कळले नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी अशा चाळणी तपासण्यांचे १० निकष मांडले. आजार सापडल्यास निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे, हा त्यांतील एक, आणि रुग्णशोध हे अखंड चालणारे काम आहे, एकदाच उरकण्याचा उपक्रम नव्हे, हा शेवटचा. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी शिबिरांचे फलक उभारताना या शेवटच्या निकषाची आठवण फार थोड्यांना राहते. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जगात जवळपास निम्म्या लोकांना तो असल्याचे माहीतच नसते, म्हणून शोधणे गरजेचे आहे यात वाद नाही. पण शोधून सोडून दिलेला माणूस फक्त अधिक घाबरलेला असतो. त्याची तब्येत होती तिथेच राहते.

मध्यम आकाराच्या शहरात ही कडी तुटण्याचे एक कारण मला दिसते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कामात गावातल्याच, बहुतांश निरक्षर असलेल्या स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्यांना प्रत्येक घर माहीत होते आणि कोण दवाखान्यात गेले नाही हे विचारायला नोंदवही उघडावी लागत नव्हती. महानगरात ओळख नसते, पण निदान वस्तीगणिक दवाखाने सापडतात. आमच्यासारख्या काही लाख वस्तीच्या शहरात भाडेकरू दर वर्षी घर बदलतात, त्यामुळे ओळखीचा धागा विरळ होतो, आणि मोठे रुग्णालय एकच असल्याने सगळा भार तिथेच जातो. अशा ठिकाणी ओळखीची उणीव नोंदींनी भरून काढावी लागते, आणि नोंदींचेच काम इथे कच्चे आहे.

आणखी एक गोष्ट आरोग्य विभागाच्या हाताबाहेरची असली तरी नोंदवणे भाग आहे. पाणी साठवू नका असे सत्रात सांगितले जाते, आणि ज्या गल्लीत नळाला पाणी अनियमित येते तिथली बाई मान डोलावून घरी जाते व पिंप भरून ठेवते. ती अडाणी नाही, तिला दुसरा मार्ग नाही. आरोग्यवर्धनावरील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलेल्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने आरोग्याला पोषक परिस्थिती निर्माण करणे हा आरोग्यवर्धनाचा भाग मानला तो याचसाठी. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ पासून हृदयविकाराविरुद्ध जे काम झाले, त्यात घरोघरच्या सल्ल्यासोबत दुग्ध व्यावसायिक, बेकऱ्या, शाळा आणि दुकानदार यांनाही सामील करून घेतले होते. पुढच्या काही दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आमच्याकडे पाणीपुरवठ्याचा एखादा अधिकारी त्या डासांच्या सत्राला बसला असता, तर त्या बाईच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर मिळाले असते.

न्याय्य म्हणून हेही सांगते, की सहा महिन्यांनी झालेल्या दुसऱ्या शिबिरात सुधारणा होती. ते तळमजल्यावर भरवले होते, तपासणीआधी बसण्यासाठी वेगळ्या खुर्च्या होत्या, दोन मापांचे पट्टे होते आणि नोंदणीचे टेबल दूर हलवले होते. कोणीतरी तक्रारी वाचल्या होत्या, हे स्पष्ट दिसत होते. चिठ्ठी मात्र तशीच कोरी होती.

माझा सल्ला विचाराल तर ही सेवा जरूर घ्या, विशेषतः आरोग्यसेविकेची गृहभेट आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. शिबिराला थोडे आधी जा, स्वतःहून पाच मिनिटे शांत बसा, दुसऱ्यांदा मोजण्याचा आग्रह धरा आणि आकडा तारखेसह स्वतःच्या वहीत लिहून घ्या. चिठ्ठी मिळाल्यास कुठे, कधी आणि कोणाकडे जायचे हे विचारल्याशिवाय टेबल सोडू नका. हेच तीन तपशील चिठ्ठीवर छापावेत आणि महिन्याभराने प्रत्येक चिठ्ठीमागे एक फोन व्हावा, असा लेखी अर्ज मी विभागाकडे दिला असून त्याची पोच मिळाली आहे. आईच्या वहीत आता चौदा नोंदी झाल्या आहेत. शेवटची १३२/८२ आहे, आणि तिच्यापुढे आरोग्यसेविकेने पेन्सिलीने पुढच्या भेटीची तारीख लिहून ठेवली आहे.