काळारामाचा दगड काळाच दिसायला हवा: एप्सन पी-७०३ वर एक वर्ष

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं शाईच्या वासात काढली, त्यामुळे काळा रंग मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. घरच्या प्रिंटरने तो उतरवला.

निवृत्तीनंतर सहा शायांचा एक टाकीवाला घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण लग्नाचे रंगीत फोटो तो झकास काढायचा. चैत्रातल्या एका पहाटे काढलेला काळाराम मंदिराचा कृष्णधवल फोटो त्यावर छापला आणि स्वयंपाकघरात ट्यूबखाली धरला. सौ. म्हणाली, "हा पावसाळ्यात काढलात का? दगडावर शेवाळ दिसतंय." बाल्कनीत उन्हात नेला तर तोच दगड जांभळट!

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. त्या यंत्रात करडी शाईच नव्हती. काळी एक, बाकी निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या. मधला प्रत्येक राखाडी या रंगांच्या ठिपक्यांची खिचडी. उजेड बदलला की खिचडीतला एखादा रंग वर येतो. लाल लुगड्यात एवढासा फरक खपून जातो, राखाडीत लगेच डोळ्यावर येतो. त्यात मी रविवार कारंजाजवळून स्वस्तातली शाई आणून भरली होती, ते पाप माझंच.

मग एप्सनचा पी-७०३ हा फोटो-प्रिंटर घेतला. त्यात दहा शाया आहेत (अमेरिका-युरोपात हाच पी-७०० म्हणून विकतात). काळ्या दोन, एक चकचकीत कागदाची, एक मॅटची, म्हणजे बिनचमकीच्या कागदाची. शिवाय ग्रे आणि लाइट ग्रे. ड्रायव्हरमध्ये (संगणकावरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) 'ॲडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू फोटो' हा कृष्णधवलचा मोड निवडला की मुख्य काम या काळ्या-करड्याच करतात, रंगीत शाई छटा सांभाळण्यापुरती चिमूटभर. फोटोशॉपमध्ये मात्र रंगांचा ताबा प्रिंटरकडे द्यायचा. मी हे पहिल्यांदा विसरलो आणि ए-३ चे दोन कागद रद्दीत गेले.

टोन 'न्यूट्रल' ठेवला की झालं असं नाही. कागद पिवळसर असेल तर प्रिंटही पिवळसरच वाटणार. फार शुभ्र कागदात चमक आणणारं रसायन असतं, तो उन्हात निळा मारतो. या मोडमध्ये कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लागत नाही, म्हणून स्क्रीनवर आधी अंदाजही घेता येत नाही. मी प्रत्येक नव्या कागदावर आधी पाच बाय सातचा तुकडा काढतो, रात्रभर सुकू देतो आणि सकाळी खिडकीत, रात्री ट्यूबखाली बघतो. चकचकीत कागदासाठी 'कार्बन ब्लॅक' नावाची एक सोय आहे, वरून फिक्या करड्या शाईचा हात फिरतो. वेळ जास्त लागतो, पण गाभाऱ्याकडचा अंधार खरंच अंधार दिसतो. मॅटवर तेवढी खोली येत नाही, हे मान्य करून घ्यावं.

आता रडगाणं. काडतुसं फक्त २५ मिलीची. दहाच्या दहा एकदम विकत घ्यायची वेळ आली की पेन्शनीत खड्डा पडतो. किंमत ऐकून सौ. दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. महिन्याला चार-पाच प्रिंट काढणार असाल तर घेऊ नका. हेच यंत्र असलेल्या एखाद्या स्टुडिओत फाइल घेऊन जा, फक्त 'हाच मोड वापरा' असं ठासून सांगा. नाहीतर ते रंगीतमध्येच काढून देतात.

आणि घेतलाच तर बोर्डाच्या बटणावरून कधी बंद करू नका. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तरच हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, झाकून बसतं. मे महिन्यात इथली हवा कोरडी, उघडं राहिलं तर नोझल, म्हणजे त्याची बारीक छिद्रं, सुकतात. मी दर शनिवारी नोझल चेक, म्हणजे छिद्रं मोकळी आहेत का हे दाखवणारा चाचणी-प्रिंट, काढतो, शनिवार म्हणजे मारुतीचा वार, विसरायला होत नाही.

परवा दुतोंड्या मारुतीचा, छातीपर्यंत पुराचं पाणी आलेला फोटो ए-३ वर काढला. गढूळ गोदावरीचं पाणी कृष्णधवलमध्ये पाटीच्या दगडासारखं दिसतं. सध्या ट्यूबखालीच लावलाय. शेवाळाबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही, फक्त धाकट्या नातवाने विचारलं, "आजोबा, रंग संपले होते का?"