भाड्याचं घर, भाड्याची आई

हरणी आत्ता सोफ्यावर आडवी पसरून झोपली आहे. खांद्यापाशी तिची उंची 27 इंच. मला हवं होतं ते कुत्रं 20, फार तर 22 इंचांचं. वरच्या पाच इंचांसाठी मी 650 पौंड मोजले आणि शिवाय एकदा पोलिसांसमोर उभा राहिलो.

मी इंग्लंडात लिंकनशायरमध्ये राहतो. शेजारचे आजोबा आयुष्यभर शेतावर मजुरी केलेले, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे चार फेरेट आहेत. फेरेट म्हणजे मुंगसाच्या चणीचा, पण पूर्ण माणसाळलेला प्राणी. पाला झडून बिळांची तोंडं दिसायला लागली की फेब्रुवारी सरेपर्यंत ते आसपासच्या शेतांवर ससे धरायला जातात. दोन हिवाळे मी त्यांची जाळी वाहिली.

मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण इथे रॅबिट आणि हेअर हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि कायद्यालाही ते वेगळेच दिसतात. आपल्या माळावर पायाखालून उठतो तो हेअर. तो बीळ करत नाही, उघड्यावर दबून बसतो. रॅबिट बिळात राहतो, गोतावळ्याने, आणि शेताच्या कडेचं कोवळं पीक साफ करतो. तो आटोक्यात ठेवणं ही 1954च्या पेस्ट्स ॲक्टपासून जमीन कसणाऱ्याची जबाबदारीच आहे. 2004च्या हंटिंग ॲक्टने कुत्र्यांकडून रानटी जनावरांची शिकार करायला बंदी घातली, तिच्यातून रॅबिट वगळला, अर्थात जमीनवाल्याची परवानगी असेल तर. हेअरला अशी सूट नाही. तेव्हा मला ही नुसती माहिती वाटली होती.

कामाची रीत अशी. बिळाच्या प्रत्येक तोंडावर बटव्यासारखी आवळणारी जाळी लावायची, दोरी खुंटीला. मग गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा घातलेला फेरेट आत सोडायचा. ससा घाबरून बाहेर झेपावतो आणि जाळीत गुरफटतो. पण यात कुत्र्याचं काम पळण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. कोणत्या बिळात ससे आहेत आणि कोणतं ओसाड आहे, हे वासावरून ओळखून त्याने तिथे थबकायचं. याला मार्किंग म्हणतात. ओसाड बिळावर थबकणारं कुत्रं म्हणजे अख्खी सकाळ वाया. नंतर गप्प उभं राहायचं, फेरेट बाहेर आला तरी त्याला तोंड लावायचं नाही, आणि जाळी चुकवून सुटलेला ससा झुडपांचं कुंपण गाठायच्या आत, तीस-चाळीस पावलांत धरून आणायचा. जिवंत, दात न रोवता.

म्हणून लर्चर. ही काही जात नव्हे. ग्रेहाउंड-व्हिपेटसारख्या पळणाऱ्या कुत्र्याचा टेरियरशी किंवा मेंढपाळी कुत्र्याशी केलेला संकर. कोली या मेंढपाळी कुत्र्याचं रक्त असेल तर डोकं चांगलं, पण आजोबांना ती कुत्री थोडी अतिशहाणी वाटतात. त्यांचा कौल बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेट यांच्या संकराला. बेडलिंग्टन हा नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांचा टेरियर, दिसायला कोकरू आणि स्वभावाने अस्सल टेरियर. त्याचं नाक आणि चिवटपणा, व्हिपेटचा वेग आणि झटकन वळण, आणि जरा राठ केस, म्हणजे काटेरी झुडपांत कातडी फाटत नाही. उंची गुडघ्याच्या थोडी वर. आजोबांची कुत्री तशीच होती. चौदा वर्षांची होऊन गेली. त्यांनी पुन्हा कुत्रं घ्यायचं नाही म्हटलं, तेव्हा मी म्हटलं, मी घेतो.

“एकटा जाऊ नकोस,” ते म्हणाले. मी एकटाच गेलो.

मार्च 2023. जाहिरातीत हवं तेच लिहिलेलं: बेडलिंग्टन-व्हिपेट, पहिलाच संकर, आईबाप दोन्ही कामाचे, दोनच पिल्लं शिल्लक. फोनवर बाई फार गोड बोलली. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे म्हणाली, म्हणून मी तिथल्या तिथे 100 पौंड पाठवले. खात्यावरचं नाव वेगळं होतं. नवऱ्याचं असेल.

इथे लूसीज लॉ नावाचा कायदा आहे. पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या लूसी नावाच्या कुत्रीवरून त्याचं नाव पडलं. एप्रिल 2020पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालचं पिल्लू दलालाने विकायला बंदी आहे. ज्याने पैदास केली त्यानेच, जन्मल्या जागी, आईसोबत दाखवून विकायचं. मला हा कायदा ठाऊक होता, म्हणून मी ऐटीत विचारलं, “आई बघायला मिळेल ना?” “अर्थातच,” बाई म्हणाली. ठगांनाही कायदा पाठ असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

घर नीटनेटकं. स्वयंपाकघरात गोधडीवर एक सुंदर निळसर-करडी, राठ केसांची कुत्री आणि तिच्याशेजारी दोन पिल्लं. बघताच मी विरघळलो. जे दिसत होतं ते आज आठवून सांगतो. कुत्री जागची हलली नाही. पिल्लं एकदाही तिच्या पोटाशी गेली नाहीत. आठ आठवड्यांची पिल्लं असलेल्या कुत्रीचे सड ओघळलेले दिसतात, हिचं पोट सपाट. घरात ना चघळलेली चप्पल, ना मुताचा वास. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला, त्यावर वायफायचा पासवर्ड आणि कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते. आपल्याच घरात असं कोण लिहून ठेवतं?

पिल्लू वाळूच्या रंगाचं, अंगाला गुळगुळीत, पाय लांबच लांब. “केस राठ वाटत नाहीत,” मी म्हटलं. “सहा महिन्यांनी फुटतात,” बाई म्हणाली. बेडलिंग्टनची पिल्लं गडद जन्मतात आणि पुढे फिकी होतात, हे मी वाचलं होतं. म्हणजे पिल्लाचं रूप पालटतं, एवढं अर्धं ज्ञान मला होतं, आणि त्याच्याच आधाराने मी तिचं म्हणणं गिळलं. बाप कामावर गेलेला, त्याचा फोटो फोनवर. उरलेले 550 रोख. कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपचे कागद ईमेलने येणार होते.

ते आलेच नाहीत. दहा दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरांनी चिप तपासली. चिप होती, पण नोंद तिसऱ्याच कुणाच्या नावावर. नाव त्या सांगू शकत नव्हत्या, माझ्या पावतीवरचं नाव ते नव्हे एवढंच म्हणाल्या. इथे पैदास करणाऱ्याने विकण्याआधी चिप बसवायची असते आणि पहिली नोंद त्याच्याच नावावर लागते. म्हणजे चिपचा नंबर पैसे देण्याआधी मागून नोंद जुळवून घेतली असती, तर गोष्ट त्या गोधडीवरच संपली असती. मी बाईला फोन लावला. बंद.

मग त्या घरी गेलो. दार साफसफाईवालीने उघडलं. घर आठवड्याच्या भाड्याने सुट्टीला येणाऱ्यांना देतात. ती करडी कुत्री कुणाची, कुठून आणली होती, कोण जाणे.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. विक्रेता धंदेवाईक असेल तर 2015चा ग्राहक कायदा तीस दिवसांत माल परत करू देतो, पण परत कुणाला करायचा? दावा लावायलाही पत्ता लागतो. खरं सांगायचं तर तोवर हरणी माझ्या पायाशी झोपायला लागली होती, आणि परत देण्याचा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

पाचव्या महिन्यात ती 23 इंच झाली. सातव्यात केस फुटले, पण अंगावर नव्हे, कानांवर. रेशमी, लोंबते. एका रविवारी उदगीरच्या मामांशी व्हिडिओ कॉल चालू होता, हरणी मागून गेली. मामा बोलता बोलता थांबले. “आरं, हे विलायती म्हनतोस ते तर आपलं पश्मी हाय की!”

मी गप्प. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी मी पश्मीच्याच कानांशी खेळलो होतो. कारवानी कुत्र्यातला झुपकेदार कानांचा तो प्रकार, अरबी सालुकीचा भाऊबंद. सत्तर पौंडांची डीएनए तपासणी केली तिने मामांचंच म्हणणं खरं केलं: ग्रेहाउंड आणि सालुकी. व्हिपेट नाही, बेडलिंग्टनचा थेंब नाही. जे मामांना फोनच्या पडद्यावर दिसलं, ते मला सात महिने घरात वावरत असून दिसलं नव्हतं.

आजोबांना मात्र उंची सोडून दुसरीच काळजी लागली. सालुकीच्या रक्तात दम असतो, दूरवर उघड्यावर हेअरमागे सोडायला बेकायदा टोळ्यांना असलीच कुत्री लागतात, आणि आमचा सपाट जिल्हा त्यांचा आवडता. 2022च्या कायद्याने याची शिक्षा वाढवून अमर्याद दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी केली, वर कुत्रं पाळायलाही बंदी येऊ शकते. बहुधा असल्याच कुणाकडची नको असलेली पिल्लं त्या गोधडीवर पोचली होती.

तरीही जानेवारीत मी तिला एकदा नेलंच. पहिला ससा जाळीत आला, हरणीने वरून उडी घेतली, जाळी, खुंटी आणि ससा तिन्ही उधळले. ससा झुडपांत गेला. तिने मान वर केली, पलीकडच्या गव्हात एक हेअर उठला, आणि माझी कुत्री क्षितिजाकडे निघून गेली. मी हाका मारत राहिलो. वीस मिनिटांनी ती परतली, रिकाम्या तोंडाने, देवाची कृपा. पण तिच्याआधी पोलिसांची गाडी आली. पलीकडच्या शेतकऱ्याने फोन केला होता, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आजोबांच्या खिशात जमीनवाल्याचं परवानगीपत्र होतं आणि पेटीत फेरेट होते, म्हणून समज देण्यावर भागलं.

त्यानंतर हरणीला पट्ट्याशिवाय सोडत नाही. तिचा यात काही दोष नाही. ती तिच्या रक्तातलंच करत होती.

या वर्षी दुसरं पिल्लू बघायला आजोबा स्वतः निघाले आहेत माझ्याबरोबर. आतापर्यंत तीन ठिकाणी गेलो. ते पिल्लांकडे आधी बघतच नाहीत. “आईला रानात नेऊ या,” म्हणतात, आणि हातात काठी घेऊन बाहेर निघतात. पहिल्या दोन ठिकाणी मालकाने कारणं सांगितली, आम्ही चहा न घेता परतलो. तिसऱ्या ठिकाणी राठ केसांची, 20 इंचांची कुत्री बांधाकडेने चालत गेली, दोन बिळं ओलांडून तिसऱ्यापाशी थबकली, एक पाय वर, शेपूट ताठ. फेरेट आत गेला आणि ससा बाहेर आला. पोटाखाली सड ओघळलेले, आणि घरी परतताच पिल्लं तिच्यावर तुटून पडली.

मी पाकीट काढलं. आजोबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मालकाला विचारलं, बाप कुठे आहे? दोन तासांवर, तो म्हणाला, मित्राकडे.

“मग पुढच्या रविवारी बाप,” आजोबा म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.