शिशाची माती: उपसावी की झाकावी?

अंगणातल्या मातीत शिसं आहे असा अहवाल हाती आला की खरे दोनच मार्ग उरतात. वरचा थर उपसून नवी माती भरायची, किंवा आहे त्या मातीवर जाड कापड अंथरून वर स्वच्छ माती आणि गवत चढवायचं. फॉस्फेट मिसळण्याचा तिसरा उपाय आहे, त्याने शिसं पोटात कमी विरघळतं. पण ते जागच्या जागीच राहतं, म्हणून रांगत्या मुलासाठी एकट्या त्याच्यावर विसंबायला माझं मन धजावलं नाही.

उपसण्याची बाजू भक्कम आहे, हे मान्य. शिसं कुजत नाही, सहसा खोलवर झिरपतही नाही. जुन्या रंगाच्या पोपड्यांतलं आणि पूर्वीच्या पेट्रोलच्या धुरातलं शिसं आजही वरच्या काही इंचांत बसलेलं सापडतं. तेवढा थर गेला की प्रश्न मिटला.

माझं मत फिरवलं ते धुळीने. कोपऱ्यात एक चर खणून पाहिला, तोही माती भिजवून. तरी संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बोटाने रेघ उमटावी इतकी धूळ बसली होती. पडदे, अंथरुणं, मुलाची खेळणी, सगळीकडे तीच. मुलाच्या पोटात शिसं मुख्यतः याच वाटेने जातं: जमिनीवर हात, तोच हात तोंडात. शिवाय गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट हिस्सा लहान मूल शोषून घेऊ शकतं. जे बाहेर ठेवायचं तेच घरात आणणारं काम मला पुढे रेटवेना.

झाकण्यातही कटकट आहे. झोपाळ्याखाली गवत टिकत नाही. तिथे लाकडाच्या सालींचा जाड थर घालतो आणि विरळ झाला की भर टाकतो. कापड भडक रंगाचं घ्या, म्हणजे ते दिसू लागलं की वरचा थर कमी पडतोय हे लगेच कळतं. भाजी लावायची तर उंच वाफ्यात, बाहेरच्या मातीत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2024 मध्ये घरांच्या मातीसाठी तपासणीची पातळी, म्हणजे जिच्या वर शिसं आढळलं तर अधिक चौकशी करायची ती, 400 वरून 200 पीपीएमवर (मातीच्या दहा लाख भागांत शिशाचे 200 भाग) आणली. तुमचा आकडा याच्या थोडा वर असेल तर, माझ्या मते, झाकणं पुरेसं ठरावं. तो हजारांत असेल, किंवा जवळपास जुन्या बॅटऱ्या वितळवल्या जात असतील, तर मात्र उपसणंच बरं. तेवढे दिवस मुलांना दुसरीकडे ठेवा. आणि काम कुठलंही निवडा, त्याआधी मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.