डेक्कन कॉलेज की इफ्लू?

भाषाविज्ञानात एमएला पुण्याचं डेक्कन कॉलेज घ्यायचं की हैदराबादचं इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी), तर आधी ठरवा, वर्गात शिकवायचंय की बोलींच्या मागे फिरायचंय. इफ्लू १९५८ साली इंग्रजीच्या शिक्षकांना ट्रेनिंग द्यायलाच निघालेलं, त्यामुळे सिलॅबस कसा आखायचा, टेस्ट कशी काढायची हे तिथं पक्कं होतं, आणि आधीच कुठं शिकवत असाल तर पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स, डिस्टन्सनं पण करता येतो. डेक्कनचा भर ध्वनी, व्याकरण, फील्डवर्कवर; मराठी बोलींचं सर्वेक्षण तिथलंच, गावोगावी जाऊन केलेली रेकॉर्डिंग ऑनलाइन आहेत, ॲडमिशन घ्या नको घ्या पण ती एकदा ऐकाच राव. फी-होस्टेलचं दोन्हीकडे विचारून घ्या. अमराठी लोकांना मराठी शिकवायची असेल तर मात्र मी डेक्कनच म्हणेन, शिकवायच्या पद्धती नंतर उचलता येतात.