जुन्या सॅश खिडक्यांचा वारा आणि आवाज: अख्खा हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

दक्षिण लंडनमधलं आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, पहिल्या मजल्यावरचं. समोर बसचा रस्ता. खिडक्या मूळच्याच, एकेरी काचेच्या सॅश खिडक्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या दोन लाकडी चौकटींच्या. यातल्या प्रत्येक चौकटीला सॅश म्हणतात. हिवाळ्याआधी त्यांचं काम करून घेतलं. इथे नवीन घर घेणाऱ्या आपल्या लोकांना बहुतेक जण एकच सल्ला देतात, "काढून टाका आणि प्लास्टिकच्या डबल ग्लेझिंगच्या (दुहेरी काचेच्या) बसवा." तसं करण्याआधी हे वाचा.

आमच्याकडे पाहणीला आलेल्या एका कंपनीनेही सगळं लाकूड कुजलंय असं सांगून नव्या खिडक्यांचाच भाव दिला. प्रत्यक्षात दोन खिडक्यांच्या फक्त खालच्या पट्ट्या खराब होत्या. सुताराने तेवढंच लाकूड कापून नवं जोडलं.

सॅशच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ खोक्यांत दोरीला बांधलेली लोखंडी वजनं लोंबत असतात, म्हणून एवढी जड खिडकी एका हाताने उचलली जाते. सरकायला जागा हवी म्हणून फटी ठेवलेल्याच असतात आणि शंभराहून जास्त वर्षांच्या झिजेने त्या वाढतात. सुताराने सॅश बाहेर काढून कडांना बारीक खाच पाडली, तीत ब्रशच्या (दाट केसांच्या) पट्ट्या बसवल्या आणि दोऱ्या बदलल्या. मधे जिथे दोन्ही सॅश एकमेकांना भेटतात, तिथून सगळ्यात जास्त वारा यायचा. तिथेही ब्रश लागला. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून त्याने कोरडं घासणं टाळलं. तुमच्याकडे कोणी थेट सँडर (घासायचं यंत्र) लावायला लागला तर थांबवा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

वाऱ्याचा प्रश्न इथेच मिटला. जानेवारीत खिडकीला पाठ करून बसता येतं, पडदा हलत नाही. सुस्थितीतल्या सॅशमधून येणारी हवा अशा पट्ट्यांनी 86 टक्क्यांपर्यंत कमी होते, असं इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने करून घेतलेल्या चाचण्यांत दिसलं होतं. आमचा अनुभव त्याला धरूनच आहे.

आवाजाचं मात्र वेगळं. फटी बुजल्यावर फुटपाथवरची बोलणी, बुटांची टकटक कमी झाली, पण थांब्यावर उभ्या बसची घरघर तशीच राहिली. तो खालच्या पट्टीतला आवाज अडवायला जड काच आणि दोन काचांमध्ये भरपूर अंतर लागतं. डबल ग्लेझिंगमध्ये हे अंतर जेमतेम 12 ते 20 मिलिमीटर असतं, म्हणून रहदारीच्या आवाजाला ते कमी पडतं. आम्ही झोपायच्या खोलीत आतून दुसरी सरकती चौकट बसवली, 6.4 मिलिमीटरची लॅमिनेटेड काच (दोन काचा मधल्या प्लास्टिकच्या पातळ थराने चिकटवलेल्या), बाहेरच्या खिडकीपासून 100 मिलिमीटरहून जास्त अंतरावर. खर्च ब्रशच्या कामापेक्षा कितीतरी जास्त आला, पण माझ्या मते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच. आता रात्रीची बस कळते, पण झोपमोड होत नाही.

दव धरण्याची भीती होती. नियम असा, की आतली चौकट घट्ट हवी आणि बाहेरची थोडी सैल, म्हणजे मधली ओलसर हवा बाहेर निघून जाते. आमच्याकडे अगदी कडाक्याच्या थंडीत सकाळी बाहेरच्या काचेच्या तळाशी थोडं दव दिसलं आणि दुपारपर्यंत गेलं. स्वयंपाकघरात आतली काच मुद्दाम लावली नाही. कुकरची वाफ आणि फोडणीचा धूर जायला वरची सॅश खाली ओढता आलीच पाहिजे. भिंतीत गॅससाठी झरोका असेल तर तो वाऱ्याच्या नावाखाली कधीही बुजवू नका.

गैरसोयी आहेतच. काचा पुसायचं काम दुप्पट झालं, खिडकी उघडायला दोनदा सरकवावं लागतं आणि तुळशीची कुंडी ठेवायची कड गेली. कुंडी आता बैठकीच्या खोलीत आहे.

घर संरक्षित यादीत किंवा कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी ठरवलेल्या भागात) असेल तर कामाआधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारा. आणि पुढे रंगकाम काढाल तेव्हा रंगाऱ्याला ब्रशच्या पट्ट्या आधीच दाखवून ठेवा. त्यांवर रंग बसला की केस कडक होतात आणि त्या बदलण्यावाचून इलाज राहत नाही.