पोकेमॉन गो मधलं 'पार्टी प्ले': नाशिकमध्ये काही महिने खेळल्यानंतर

पोकेमॉन गो, म्हणजे खऱ्या रस्त्यांवर फिरून फोनमध्ये पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा गेम, भारतात अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, जिओच्या साथीनं. तेव्हापासून नाशिकमध्ये खेळणाऱ्यांचे गट जमले, पांगले, पुन्हा जमले. छोटा गट करून एकत्र खेळायची सोय देणारं 'पार्टी प्ले'चं अपडेट १७ ऑक्टोबर २०२३ ला आलं, पण आमच्या गटानं ते मनावर घेतलं गेल्या दिवाळीनंतर. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा असा वापर झाल्यावर माझं मत पक्कं झालंय: खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलतं करायचं काम या गेममध्ये कुठल्या अपडेटनं केलं असेल, तर ते यानं.

आधी काय चित्र होतं? २०१७ मध्ये रेड, म्हणजे अनेकांनी मिळून एका ताकदवान पोकेमॉनशी करायच्या लढाया आल्या आणि लोक जिमपाशी, म्हणजे नकाशावरच्या लढाईच्या ठिकाणांपाशी जमायला लागले. पण जमायचे म्हणजे काय, ग्रुपवर मेसेज पडायचा, सात-आठ गाड्या येऊन थांबायच्या, रेड मारली, पोकेमॉन पकडला की पुढच्या जिमकडे. कित्येकांची तर गाडीही बंद व्हायची नाही. समोरच्याचं गेममधलं टोपणनाव माहीत, खरं नाव नाही. एप्रिल २०२० मध्ये लांबूनच रेड खेळू देणारा रिमोट रेड पास आला आणि घराबाहेर पडायचीही गरज उरली नाही. त्या काळात तो मोठा आधार होता, ज्यांना घर सोडून निघता येत नाही त्यांना आजही आहे. पण त्यात भेट संपली ती संपलीच. पुढे एप्रिल २०२३ मध्ये एका पासाची किंमत गेममधल्या १०० नाण्यांवरून १९५ झाली आणि दिवसाला पाच रिमोट रेडची मर्यादा आली. त्यावर जगभर ओरड झाली. आमच्याकडे मात्र लोक पुन्हा बाहेर दिसू लागले.

पार्टी प्ले चालतं असं. एकानं पार्टी सुरू करायची, बाकीच्यांनी कोड टाकून किंवा क्यूआर स्कॅन करून आत यायचं. जास्तीत जास्त चार जण. सगळ्यांची पात्रं एकमेकांना नकाशावर दिसतात. सगळ्यांनी मिळून पूर्ण करायची छोटी चॅलेंज मिळतात. रेडमध्ये लढता लढता 'पार्टी पॉवर' भरली की पुढचा चार्ज्ड अटॅक, म्हणजे पोकेमॉनचा मोठा हल्ला, दुप्पट लागतो, त्यामुळे कमी माणसांतही रेड निघते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं एकमेकांच्या जवळ असतानाच. फार लांब गेलात की पार्टीतून बाहेर.

ही शेवटची अट कागदावर जाचक वाटते, पण सगळा फरक तिनंच पडलाय. आमच्यात एक निवृत्त काका आहेत, गुडघ्याचा त्रास आहे. पूर्वी रेड संपली की मुलं पुढच्या जिमवर पोचलेली असायची आणि काका रिक्षा शोधत असायचे. आता काका पार्टीत आहेत म्हटल्यावर मुलांची चाल आपोआप मंदावते. आणि हळू चाललं की माणूस बोलतो. कुणाची परीक्षा आहे, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, हे सगळं मला या चालण्यात कळलं. त्यातल्या काहींशी मी गेममधल्या मैत्रीच्या पायरीनुसार आधीच 'बेस्ट फ्रेंड' होते बरं का! गेममध्ये त्यासाठी ९० दिवसांची देवाणघेवाण लागते, आणि ती रोज सकाळी अंथरुणात एकेक गिफ्ट उघडून पूर्ण करता येते. चेहरा न बघता.

जानेवारीतल्या एका रविवारी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचं हे. कोवळं ऊन थेट स्क्रीनवर येत होतं, काकांना कोड दिसेना.
"काका, कोड राहू द्या, क्यूआर स्कॅन करा," कॉलेजातली मुलगी म्हणाली.
"अगं, केलं. हे पैसे किती पाठवू विचारतंय."
काकांनी पेमेंटचं अ‍ॅप उघडलं होतं. तिनं ओढणीची सावली धरून गेममधला स्कॅनर उघडून दिला. नकाशावर चौघं उभे राहिले. काका बराच वेळ बघत होते. "हा टोपीवाला मी ना? मग तू कुठली? आणि ताई कुठे आहेत?" त्या दिवसापासून पार्टी काकाच सुरू करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

मला बाई म्हणून झालेला फायदा वेगळा सांगते. संध्याकाळी गोदाघाटावर एकटीनं फोन हातात धरून घुटमळायचं म्हणजे चार नजरा वळतात. रामकुंडापासून गांधी तलावापर्यंत मी पूर्वी खेळायचे ते घाईघाईत, फोन पर्सआड धरून. पार्टीत तिघं-चौघं बरोबर असली की नारोशंकराच्या देवळापाशी निवांत थांबून खेळता येतं. गटात नव्यानं आलेल्या दोन मुलींनी हेच कारण सांगितलं.

उणिवाही आहेत. चारची मर्यादा मला कमी वाटते. पाचवा आला की दोन पार्ट्या कराव्या लागतात, आणि कोण कुणाच्या पार्टीत यावर शाळकरी मुलांची तोंडं पडतात. त्यातून कायमच्या चौकड्या तयार व्हायला लागल्या होत्या. मग आम्ही ठरवलं, दर रेडनंतर पार्टी मोडायची आणि माणसं अदलाबदल करायची, नवीन माणूस आधी काकांच्या पार्टीत. एवढ्यानं बरंच सुधारलं. तरी सहा जणांची सोय व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बॅटरीचं म्हणाल तर पॉवर बँकशिवाय निघूच नका. कम्युनिटी डे, म्हणजे एखादा ठरावीक पोकेमॉन भरपूर मिळतो तो खास दिवस, दुपारी दोन ते पाच असतो, आणि मे महिन्यात नाशिकमध्ये त्या वेळी सावली धरूनच खेळावं लागतं. फोनही तापतो, माणूसही. पाण्याची बाटली आणि रुमाल हवाच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही घाटाचं नाव काढत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं की लोक ते बघायला गर्दी करतात. तिथे फोनमध्ये डोकं घालून फिरणं धोक्याचं आहे, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. त्या दिवसांत कॉलेज रोड बरा.

ट्रेडची, म्हणजे पोकेमॉनच्या अदलाबदलीची रीतही बदलली. दुर्मिळ पोकेमॉनचा स्पेशल ट्रेड दिवसाला एकच होतो, त्यामुळे पूर्वी कुणाबरोबर करायचा याचा हिशेब आधी ग्रुपवर व्हायचा आणि जास्त काही हाती असलेलाच भाव खायचा. आता फेरी संपल्यावर चहाच्या टपरीवर सगळे फोन पुढे करतात. कॉलेजच्या मुलानं काकांना त्यांच्याकडे नसलेला शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन दिला तो असाच, बदल्यात कुठेही मिळणारा साधा पिजी घेऊन.

पालकांसाठी एक सांगते. पार्टीत आपलं पात्र कुठे आहे हे बाकीच्यांना दिसतं. मुलांनी कोड ओळखीच्यांनाच द्यावा, आणि पहिले काही वेळा तुम्ही बरोबर चाला. आमच्याकडे एका मुलाचे बाबा असेच नुसते सोबत यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी स्वतःचं खातं उघडलं. सोय आली तेव्हा पार्टीसाठी किमान पंधराव्या लेव्हलची अट होती, तिथवर पोचायला त्यांना फार वेळ लागला नाही. आता मुलगा क्लासला गेलेला असला तरी ते येतात.