ब्रुखचा जी मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो: चुंग आणि केम्पेचं रेकॉर्डिंग, सुरुवातीपासूनच ऐका

जर्मन संगीतकार माक्स ब्रुखच्या या कॉन्चेर्टोची (म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या तीन भागांच्या रचनेची) रेकॉर्डिंग्ज ढिगाने आहेत, पण एकच सांग म्हणालात तर मी व्हायोलिनवादक क्युंग व्हा चुंगचं १९७२ चं, डेक्का कंपनीचं सांगेन, सोबत रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर रुडॉल्फ केम्पे.

लोक काय करतात, मधला अडाजिओ, म्हणजे संथ भाग, तेवढा उचलून प्लेलिस्टमध्ये टाकतात आणि मग म्हणतात छान आहे पण जरा जास्तच गोड आहे. अहो होणारच ना, त्याच्या आधीचं सगळं तुम्ही कापून टाकलंत! पहिला भाग ब्रुखने प्रस्तावना म्हणूनच लिहिलाय, नेहमीच्या कॉन्चेर्टोसारखा तो सुरुवातीच्या धुनांकडे पूर्ण फिरून येत नाही, इतका की याला कॉन्चेर्टो म्हणावं की फॅन्टसी (मोकळ्या घाटाची रचना) अशी ब्रुखलाच शंका होती, तेव्हाचा नामवंत व्हायोलिनवादक योआखिमने त्याला सांगितलं की कॉन्चेर्टोच म्हण. १८६६ ला कोब्लेन्झमध्ये पहिल्यांदा वाजला तरी ब्रुखचं समाधान झालं नव्हतं, मग योआखिमच्या सल्ल्याने बदल करून १८६८ मध्ये ब्रेमेनला योआखिमनेच वाजवला, आज आपण ऐकतो तो हाच.

आता चुंग. टिंपनी (मोठे नगारे) हळूच घुमते, वुडविंड्स (बासरी, क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं) थोडंसं बोलतात आणि व्हायोलिन सगळ्यात जाड तारेवरून एकटंच वर चढत जातं, तालात न अडकता, आलापासारखं. इथेच बरेच वादक सगळी भावना ओतून मोकळे होतात. चुंग नाही. ती तेव्हा पंचविशीचीसुद्धा नव्हती पण काय तो धीर! सूर ताणलेला, थोडा खरखरीत, कुठेही लाडीकपणा नाही. त्यामुळे ऑर्केस्ट्रा दणक्यात येऊन गेल्यावर जेव्हा ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिन्सचा एकच स्वर लांबत राहतो आणि त्यातूनच अडाजिओ उघडतो ना, तेव्हा ती शांतता खरंच कमावलेली वाटते. केम्पेही घाई करत नाही, चढ येतो तिथे ऑर्केस्ट्राला मोकळं सोडतो आणि तरी व्हायोलिन बुडत नाही.

तिसरा भाग जोरकस आहे, दोन तारांवर एकत्र वाजणारी ती उसळती धून चुंग अगदी तुटून पडून वाजवते. काही ठिकाणी बो (व्हायोलिनचा गज) तारेवर आपटल्यासारखा वाटतो, मला ते आवडतं, गुळगुळीत आवाजाची सवय असेल तर खटकेल.

याच रेकॉर्डवर सोबत ब्रुखचीच स्कॉटिश फॅन्टसी आहे, हार्पमुळे तिचा रंग पूर्ण वेगळा. तीही मस्त वाजवलीये, पण कॉन्चेर्टो संपला की लगेच लावू नका, मधे थोडा वेळ जाऊ द्या.